व्यापारसंघाचा त्याग व त्यापुढील वहिवाट

एखाद्या राष्ट्रानें इतर राष्ट्रांशीं मिळून केलेल्या व्यापारसंघांत राहावें किंवा त्यांतून बाहेर पडावें, हा प्रश्न वरकरणीं राजधानींतील मुत्सद्द्यांचा व बड्या व्यापाऱ्यांचा वाटतो. वाणगांवच्या मिरचीच्या मळ्यांत, घोलवडच्या चिकूच्या वाडींत किंवा तलासरीकडील भाताच्या खाचरांत राबणारा लागवडदार साहजिकच म्हणतो कीं, त्या दूरच्या कज्जाशीं आपलें काय काम ? तसें काम आहे, आणि निर्णयाच्या दिवशीं तें संपत नसून सुरू होतें, इतकें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावें हा ह्या लेखाचा हेतु आहे. शिवाय आपल्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथें सुमारें ७६ हजार कोटी रुपये खर्चाचें बंदर होऊं घातलें असून त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली आहे. त्या बंदराविषयीं मच्छीमार व शेतकरी यांचे जे आक्षेप आहेत, त्यांचा विचार स्वतंत्रपणें करावा लागेल. परंतु ज्यांच्या दारावरून उद्यां जगाचा माल ये-जा करणार आहे, त्यांनीं परदेशी व्यापाराचा वाद परका मानून चालणार नाहीं.

प्रथम आपल्या देशाचें प्रकरण पाहूं. आग्नेय आशियांतील १० राष्ट्रें, आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत हीं ६ राष्ट्रें, अशा १६ राष्ट्रांचा एक विस्तृत व्यापारसंघ स्थापावा, म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्यें वाटाघाटी सुरू झाल्या. त्या संघाचें लांबलचक नांव 'प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी'. वर्तमानपत्रांत त्यास 'आरसेप' म्हणत. सात वर्षें बोलणीं चाललीं. अखेरीस ४ नोव्हेंबर २०१९ रोजीं बँकॉक येथें पंतप्रधानांनीं भारत ह्या संघांत सामील होणार नाहीं असें जाहीर केलें. उरलेल्या १५ राष्ट्रांनीं १५ नोव्हेंबर २०२० रोजीं करारावर सह्या केल्या व १ जानेवारी २०२२ पासून तो अंमलांत आला. त्या करारांत भारताकरितां एक दार मुद्दाम उघडें ठेविलेलें आहे. इतर नव्या राष्ट्रांस अंमल सुरू झाल्यापासून १८ महिने थांबण्याची अट होती. भारतास ती नव्हती. म्हणून हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत नीति आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीं भारतानें ह्या संघांत जावें असें मत बोलून दाखविलें, तर त्याच वर्षीं वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीं चीनशीं मुक्त व्यापार करणें देशाच्या हिताचें नाहीं असें सांगितलें.

२०१९ सालीं दोन्ही बाजूंनीं जें बोललें गेलें तें थोडक्यांत असें. सामील व्हावें म्हणणाऱ्यांचें म्हणणें होतें कीं, जगाचा व्यापार ज्या ठिकाणीं वाढत आहे त्या ठिकाणीं आपलें आसन असावें. नियम ठरविणाऱ्यांच्या पंक्तींत बसलें तर ते आपल्या सोयीचे करून घेतां येतात. आणि स्पर्धेवांचून कारखाना काय किंवा शेती काय, सुधारत नाहीं. अरविंद पनगढिया यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ ह्या पक्षाचे होते. विरुद्ध पक्षाचें म्हणणें होतें कीं, २०१८-१९ ह्या वर्षीं ह्या राष्ट्रसमूहाशीं आपला व्यापार सुमारें १०५ अब्ज डॉलरांनीं तुटींत होता, व त्या तुटीचा निम्मा वांटा एकट्या चीनचा होता. जकात उतरली तर ही तूट आणखी वाढेल.

शेतकऱ्यांचा मुख्य आक्षेप दुधासंबंधीं होता. न्यूझीलंडांत वर्षास सुमारें २ कोटी टन दूध निघतें. हें आपल्या उत्पादनाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पण त्यांतील शेंकडा ९५ भाग तें राष्ट्र भुकटी, लोणी व चीज ह्या रूपांनीं परदेशीं विकतें. आपल्याकडे २०२३-२४ मध्यें सुमारें २३ कोटी ९० लाख टन दूध निघालें, परंतु त्यांतील बराच भाग दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या घरांतून येतो. अशा घरीं भाताचा पैसा वर्षांतून एकदां येतो. मधले महिने मीठमिरची, शाळेची फी व औषधपाणी दुधावर निभतें. भुकटीचा भाव पडला म्हणजे दुधाचा भाव कसा कोसळतो, ह्याचा अनुभव महाराष्ट्रानें २०१८ मध्यें घेतला होता. भुकटीचे सांठे पडून राहिले, दूध कमी दरानें घेतलें जाऊं लागलें, आणि जुलै महिन्यांत शेतकऱ्यांस रस्त्यावर दूध ओतून आंदोलन करावें लागलें. ती भुकटी तर घरचीच होती. तिच्यांत परकी भुकटी येऊन मिळाली असती तर काय झालें असतें, हें सांगावयास ज्योतिषी नको.

प्रस्तुत लेखकाच्या मतें २०१९ चा निर्णय योग्य होता. ज्या घरांस पडता भाव सोसण्याची ऐपत नाहीं, त्यांस एका सहीनें जगाच्या बाजारांत उभें करणें न्यायाचें झालें नसतें. परंतु निर्णय योग्य असला तरी त्यामुळें मिळालेल्या उसंतीचा उपयोग आपण केला काय, हा प्रश्न मागें राहतोच. आपल्याकडे वाद झाला तो दार उघडावें कीं लावावें एवढ्यापुरताच. दार लागतांच वाद थंडावला. दाराच्या आंतील घर दुरुस्त करण्याचें जें काम, त्यावर वादही नाहीं आणि विचारही नाहीं.

ही गोष्ट महसुली उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. एकत्र कुटुंबाची जमीन वाटून घेण्याचा अर्ज आला म्हणजे तलाठी फेरफाराची नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती मंजूर करतात, आणि एका गटाचे तीन पोटहिस्से होतात. कागदावर भांडण मिटतें. परंतु विहीर मधल्या भावाच्या वांट्यास गेलेली असते, गाडीवाट धाकट्याच्या बांधावरून जाते, आणि विजेच्या पंपाचें बिल थोरल्याच्या नांवें येतें. त्यानंतर वीस वर्षें तहसील कचेरींत जे अर्ज येत राहतात ते वाटणीबद्दल क्वचितच असतात. ते पाण्याच्या पाळीबद्दल व वाटेबद्दल असतात. ज्या भावांनीं वाटणीपूर्वींच पाळी व वाट लिहून घेतली, ते वेगळे होऊनही सुखानें नांदतात. ज्यांनीं केवळ वेगळें होण्याच्या आनंदांत सह्या केल्या, त्यांचीं मुलें कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. वाटणी एका दिवसाची, वहिवाट जन्माची.

आपल्या भागास तर ह्याचा दाखला घरींच आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजराथेंत गेला. उरलेलीं गांवें महाराष्ट्रांत राहिलीं व पुढें त्यांचाच तलासरी तालुका झाला. नकाशावर रेघ पडली. पण सोयरीक, आठवड्याचा बाजार, मजुरी व फळांचा व्यापार हीं त्या रेघेवर थांबलीं नाहींत. कागदपत्रें व कायदे मात्र दोन राज्यांचे झाले. एकाच देशांतील दोन राज्यांची ही गोष्ट. मग दोन स्वतंत्र राष्ट्रांमध्यें रेघ पडली म्हणजे किती गुंता होत असेल, ह्याची कल्पना करावी.

कल्पना करण्याचीही गरज नाहीं, कारण इंग्लंडचें उदाहरण जगापुढें आहे. भारतानें सही करण्यापूर्वींच पाऊल मागें घेतलें. ब्रिटननें सत्तेचाळीस वर्षें एकत्र संसार करून मग वेगळी चूल मांडली. तें राष्ट्र १ जानेवारी १९७३ रोजीं युरोपीय समुदायांत शिरलें. ५ जून १९७५ रोजीं घेतलेल्या सार्वमतांत शेंकडा ६७ मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं. पुढें २३ जून २०१६ रोजीं प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हां सुमारें १ कोटी ७४ लाख लोकांनीं बाहेर पडावें व १ कोटी ६१ लाख लोकांनीं राहावें असें मत दिलें. म्हणजे शेंकडा ५१.९ विरुद्ध ४८.१. स्कॉटलंडांत मात्र शेंकडा ६२ मतें राहण्याच्या बाजूचीं होतीं. प्रत्यक्ष बाहेर पडण्यास साडेतीन वर्षें लागलीं, तेवढ्यांत दोन पंतप्रधानांस पद सोडावें लागलें, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर झाला. त्या वादांत घोषणा एकच गाजली : कारभार पुन्हां आपल्या हातीं घ्या. हातीं आलेल्या कारभाराचें शेतकऱ्यास काय मिळालें तें आतां पाहूं.

पहिली गोष्ट अनुदानाची. युरोपीय संघाच्या सामाईक शेतकी धोरणाखालीं ब्रिटनच्या शेतकऱ्यांस वर्षाकाठीं तीन अब्ज पौंडांहून अधिक मदत मिळे, व तिचा मोठा भाग जमिनीच्या क्षेत्रावर वांटला जाई. बाहेर पडल्यावर इंग्लंडांत ही थेट मदत २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें कमी करण्यांत येऊन २०२७ अखेर ती बंद व्हावी असें ठरलें. तिच्याऐवजीं माती, पाणी व निसर्ग यांचें रक्षण करणाऱ्यास पैसा देण्याच्या योजना आल्या. कल्पना चांगली होती. परंतु त्यांतील एका मुख्य योजनेचे नवे अर्ज घेणें ११ मार्च २०२५ रोजीं एकाएकीं थांबविण्यांत आलें. जुनी मदत आटत चाललेली आणि नवीचें दार अचानक लागलेलें, अशी अनेकांची स्थिति झाली.

दुसरी गोष्ट मजुरांची. लिंकनशायर परगण्यांतील बोस्टन हा भाजीपाल्याच्या लागवडीचा मुलूख. तेथें शेंकडा ७५ हून अधिक मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं, आणि पूर्व युरोपांतून भाजी काढण्यास येणाऱ्या मजुरांची वाढलेली वस्ती हें त्याचें एक मोठें कारण होतें. संघ सुटल्यावर ते मजूर मोकळेपणें येईनासे झाले. भाजी मात्र पूर्वीसारखीच वेळेवर काढावी लागे. तेव्हां सरकारास हंगामी मजुरांकरितां निराळे परवाने द्यावे लागले. २०१९ मध्यें ही मर्यादा २,५०० होती. २०२४ मध्यें ती ४५ हजारांवर गेली. आतां किरगिझस्तान व उझबेकिस्तान येथून माणसें तेथें भाजी काढावयास जातात. शेत तेंच, भाजी तीच, बदलला तो मजुराचा मुलूख आणि वाढला तो कागद.

तिसरी गोष्ट सीमेवरील तपासणीची. स्कॉटलंडचा बेण्याचा बटाटा नामांकित. पण जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघांत त्यास मज्जाव झाला, कारण त्या देशाचे वनस्पति-आरोग्याचे नियम संघाच्या नियमांशीं जोडलेले राहिले नाहींत. बटाटा आदल्या दिवशीं होता तसाच होता. ज्या स्कॉटलंडनें राहण्याच्या बाजूनें मत दिलें, त्याच्याच शेतकऱ्यास हा फटका बसला.

चौथी गोष्ट नव्या करारांची. संघाबाहेर पडलेल्या ब्रिटननें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशीं घाईनें करार केले, व ते ३१ मे २०२३ पासून अंमलांत आले. मेंढ्या व गुरें पाळणाऱ्या ब्रिटिश शेतकऱ्यांनीं त्यांस विरोध केला होता. सही होतांना शेतकी खात्याचे मंत्री असलेले जॉर्ज यूस्टिस यांनीं पद सोडल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्यें, ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार आपल्या देशास फारसा चांगला नाहीं असें पार्लमेंटांत सांगितलें. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. आणि शेवटीं १९ मे २०२५ रोजीं लंडन येथें ब्रिटन व युरोपीय संघ यांनीं अन्न, जनावरें व वनस्पति यांच्या तपासणीचे नियम पुन्हां जुळवून घेण्याकरितां करार करण्याचें मान्य केलें. घर वेगळें झालें, तरी विहिरीवर यावेंच लागलें. इंग्लंडचा निर्णय चूक कीं बरोबर, हें इंग्रजांनीं ठरवावें. आपण घ्यावयाचा धडा इतकाच कीं, पाळी व वाट आधीं लिहून घेतली नाहीं तर वाटणीचा खर्च शेतकऱ्याच्या खातीं पडतो.

आतां पुन्हां आपल्या घराकडे वळूं. २०१९ मध्यें मोठें दार लागलें असा आपला समज आहे ; परंतु लहान दारें किती उघडीं आहेत हें आपण मोजलें नाहीं. आग्नेय आशियांतील १० राष्ट्रांशीं व दक्षिण कोरियाशीं आपला करार १ जानेवारी २०१० पासून, व जपानशीं ऑगस्ट २०११ पासून चालू आहे. ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून अंमलांत आहे. न्यूझीलंडशीं वाटाघाटी पुऱ्या झाल्याचें डिसेंबर २०२५ मध्यें जाहीर झालें. म्हणजे ज्या १५ राष्ट्रांचा संघ आपण नाकारला, त्यांपैकीं १४ राष्ट्रांशीं आपण एकेकट्यानें बोलणीं केलीं आहेत. मुक्त व्यापाराच्या करारांतून सुटला तो एक चीन. संघाबाहेर राहणें म्हणजे व्यापाराबाहेर राहणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

ह्या हिशेबांत एक समाधानाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाच्या करारांत, न्यूझीलंडच्या वाटाघाटींत, आणि २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं सह्या झालेल्या करारांतही दुधाचे पदार्थ आपण सवलतींतून वगळून घेतले आहेत. २०१९ मध्यें दूध-उत्पादक व सहकारी संघ यांनीं जो आवाज उठविला, त्याचा वांटा ह्यांत मोठा आहे असें आम्ही समजतों. जो माल बोलला तो वांचला. जो माल बोलला नाहीं त्याचें काय होतें, हें तेलावरून पाहावें. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. ३० मे २०२५ रोजीं कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात जकात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरविण्यांत आली. त्यास करार लागला नाहीं, सार्वमत लागलें नाहीं. एक अधिसूचना पुरली. विदर्भ-मराठवाड्यांतील सोयाबीनवाला तेव्हां पेरणीच्या तयारींत होता.

कांद्याचें असेंच. ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० जकात बसली, ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत निर्यातच बंद राहिली, आणि निर्यातीवरील जकात पुरती उठली ती १ एप्रिल २०२५ रोजीं. शहरांतील गरिबाच्या ताटांतील कांदा महाग होऊं नये ही सरकारची काळजी आम्हांस समजते. परंतु बाहेरच्या संघानें आपल्यावर नियम लादूं नयेत म्हणून जे भांडले, त्यांनीं घरचेंच दार आंतून कधीं लागेल ह्याचा कांहीं नियम असावा, म्हणूनही तितक्याच जोरानें भांडावयास हवें होतें.

शेवटीं आपल्या मिरचीकडे व चिकूकडे येऊं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपला हापूस आंबा, कारलें, वांगें, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. आदल्या वर्षीं २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड सांपडली होती. लंडनमधील फळव्यापाऱ्यांनीं फार ओरड केली. पण तेव्हां ब्रिटन संघांत असल्यामुळें ब्रुसेल्सचा निर्णय त्यांसही लागू होता. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्यें उठली, ती आपल्याकडील तपासणी व दाखल्यांची व्यवस्था सुधारल्यामुळें. त्याच २०१४ च्या मे महिन्याअखेर सौदी अरेबियानें आपल्या हिरव्या मिरचीवर बंदी घातली, कारण तींत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. येथें कोणताही व्यापारसंघ आपण सोडला नव्हता कीं धरला नव्हता. फवारणीनंतर किती दिवसांनीं तोडणी करावी, एवढ्या एका गोष्टीनें एका देशाचें दार लागलें. मिरचीवर ज्यांचा संसार चालतो त्या वाणगांवकरांस ह्याहून निराळा उपदेश नको.

चिकूची कथा अधिक बोलकी आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. २०२१ च्या जून महिन्यांत ह्या मानांकित चिकूची एक खेप ब्रिटनला रवाना झाली. ब्रिटन संघाबाहेर पडून तेव्हां दीड वर्षही झालें नव्हतें. फळ पालघर जिल्ह्यांतलें. पण त्याची प्रतवारी व बांधणी झाली गुजराथेंतील तापी येथील नोंदणीकृत पॅकहाऊसमध्यें. गुजराथेशीं आपलें वैर नाहीं, आणि १९६० ची रेघ आपल्या फळास अडवीत नाहीं ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि झाडावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत पिकून मऊ होणाऱ्या फळास असा लांबचा प्रवास घडावा, आणि मानांकन ज्या मातीचें, त्या मातींत प्रतवारीची सोय नसावी, हें भूषणावह नाहीं. लंडनचा बाजार ब्रुसेल्सच्या ताब्यांत असो वा लंडनच्या, आपल्या फळाचा दाखला आपल्यालाच काढावा लागतो.

येथें एक आक्षेप येईल. संघांत राहिलों असतों तर हे तपासणीचे नियम आपणही ठरविले असते, असें कोणी म्हणेल. ह्यांत तथ्य आहे, व तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पंक्तींत बसून बोलण्यास आपलें पान मांडलेलें असावें लागतें. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाहीं, खेपांची नोंद नाहीं, मालाचा दर्जा सांगणारी संस्था नाहीं, त्याचें म्हणणें संघाच्या आंतही ऐकिलें जात नाहीं आणि बाहेरही नाहीं. म्हणून आंत कीं बाहेर ह्या वादापेक्षां पुढील चार गोष्टींस आम्ही अधिक महत्त्व देतों.

पहिली : परदेशाशीं करार होण्यापूर्वीं, कोणत्या पिकावरील जकात किती वर्षांत किती उतरणार, ह्याचें पीकवार टिपण मराठींत तालुक्याच्या ठिकाणीं लावलें जावें. जमिनीच्या फेरफारास हरकत घेण्याकरितां सरकार नोटीस काढून १५ दिवसांची मुदत देतें. मग सबंध देशाच्या बाजाराच्या फेरफारास नोटीस नको काय? दुसरी : ज्या मालास संरक्षण दिलें जाईल, त्यास तें मुदतबंद असावें, व त्या मुदतींत काय सुधारणा करावयाची हें लिहिलेलें असावें. दुधास मिळालेली उसंत चारा, पशुवैद्य व थंड सांठवण ह्यांवर खर्ची पडली नाहीं, तर पुढच्या वाटाघाटींत हेंच भांडण पुन्हां भांडावें लागेल. तिसरी : डहाणू-तलासरी भागांत प्रतवारीचें पॅकहाऊस व कीटकनाशकांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा असावी, आणि त्यांचा खर्च सोसण्यास सहकारी संस्थांनींही वांटा उचलावा. चौथी : आपल्या प्रत्येक संस्थेनें नापास झालेल्या खेपांची एक वही ठेवावी, तारीख, माल, वजन व नापासाचें कारण. अशी दहा वर्षांची वही घेऊन जो मंत्र्यांसमोर उभा राहील, त्यास परत पाठविणें सोपें नाहीं.

ह्याच्या जोडीस मजुराचा विचार विसरूं नये. बोस्टनच्या भाजीप्रमाणें आपला चिकू व आपली मिरचीही हातांनीं काढली जाते, आणि ते हात बहुतांशीं आपल्या वारली व इतर आदिवासी बंधुभगिनींचे आहेत. परदेशीं गेलेल्या फळास चढा भाव मिळाला आणि तोडणीची मजुरी जागच्या जागींच राहिली, तर तो व्यापार वाढला असें आम्ही म्हणणार नाहीं. मजुरांस हंगामापुरतें बोलवावें व मतपेटींत त्यांचा राग करावा, ही चूक इंग्लंडच्या एका परगण्यानें केली. तिची नक्कल येथें नको.

पुढील कांहीं वर्षांत ह्या संघांत जावें कीं न जावें, हा प्रश्न पुन्हां उठेल. दोन्ही पक्षांचे पुढारी आपल्या गांवीं येतील व मोठीं भाषणें होतील. त्या वेळीं वाचकांनीं टाळ्या वाजविण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे : आमच्या पिकाचें नांव तुमच्या यादींत कोठें आहे ? आणि दार उघडलें किंवा लावलें तर त्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं काय करावयाचें ? ह्या दोहोंचें उत्तर जो तारीखवार देईल, त्याचें म्हणणें ऐकावें. तहान लागल्यावर विहीर खणण्याची संवय आपण आतां सोडली पाहिजे. विहीर खणण्याची वेळ आजचीच आहे, आणि तिची जागा आपल्याच शिवारांत आहे.